दोन पांगुळगाडे

कापसाचे टेम्पो सुरू झाले की आमच्या मेहकरकडच्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या होतात. ताडपत्री कितीही ताणून बांधली तरी एखाद्या कोपऱ्यातून कापूस डोकावतोच, आणि बाभळीचे काटे तो ओढून ठेवतात. ऑफिसला जाताना मी त्या बाभळी बघते, आणि दर वर्षी तेच आठवतं: छतापर्यंत कापसाने भरलेली आमची मधली खोली, आणि त्या ढिगाच्या पायथ्याशी, केसांत कापूस अडकलेला, अडीच वर्षांचा गजू. बसलेला. अडीच वर्षांचा झाला तरी बसलेलाच.

मी याद्या करणारी बाई आहे. ऑफिसात आवक-जावक बघते आणि घरीही तेच करते. काम झालं की रेघ, नाही झालं की पुढच्या पानावर. या हंगामात एक ओळ मात्र तीन आठवडे पानामागून पान सरकत राहिली: ‘गजूच्या पोरीसाठी पांगुळगाडा.’

गजू माझा धाकटा भाऊ. आता पंचेचाळिशीचा आहे, जालन्याला असतो. लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली, ती सव्वा वर्षाची झाली, आणि त्याचे फोन सुरू झाले.

“ताई, अजून नुसतीच उभी राह्यते वं. पाऊल टाकत नाही.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“काही नाही म्हनते. टाकीन म्हनते.”

“मग झालं तर.”

“झालं तर मले काऊन झोप येत नाही?”

मी म्हटलं, थांब, मी पांगुळगाडा करवून घेते. नव्या आयांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. तीन चाकांची लाकडी गाडी, वर धरायला आडवी दांडी. लेकराने दांडी धरायची, गाडी पुढे सरकली की मागून पाऊल टाकायचं. एवढंच यंत्र. पण हल्लीचे सुतार प्लायवूडची कपाटं करतात. गावातल्या सुताराला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, डिझाइन पाठवा मोबाइलवर, मग सांगतो.”

डिझाइन करायची मला जुनी हौस. स्वयंपाकघरातल्या फळ्या, तुळशीचा कट्टा, ऑफिसातल्या फायलींची मांडणी, सगळं मी आधी चौकटीच्या कागदावर काढलेलं आहे. मुलीने जुना झालेला कॉम्प्युटर मला देऊन टाकला होता. मनात आलं, या निमित्ताने त्यावर आराखडे काढायला शिकावं. वहीत अटी लिहिल्या. फुकट हवं, नाहीतर फार तर एका साध्या साडीच्या किमतीत बसावं. या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालावं. नेट गेलं तरी बंद पडू नये, कारण आमच्याकडे नेट पाहुण्यासारखं येतं. आणि जिने कधी इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलेलं नाही अशा बाईला पहिल्याच दिवशी घाबरवू नये.

पहिला प्रोग्रॅम उघडताना कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरला की अंगणात मळणी चालू आहे असं वाटावं. चहा करून आले तरी त्याची एक रेघ निघाली नव्हती. दुसरा देखणा होता, पण महिनाभर फुकट आणि पुढे दर वर्षी वर्गणी. महिनाभरात मी शिकेन यावर माझा स्वतःचाच भरवसा नव्हता. तिसरा शाळकरी मुलांसाठी होता, रंगीत ठोकळे उचलून एकमेकांवर ठेवायचे. त्यात मी दोन संध्याकाळी रमले, हे कबूल करते. पण तो नेटवरच चाले, आणि नेट गेलं की माझे ठोकळे अधांतरी. चौथा साधा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. फुकट. रेघ, वर्तुळ, काटकोन, मोजमाप. बस. त्याच्यापुढे मी ‘हाच’ असं लिहिलं आणि पहिला धडा उघडला.

धड्याचं पहिलं वाक्य असं होतं की, जी वस्तू बनवायची आहे ती तिच्या खऱ्या मापाने काढा. लहान करू नका. कागदाची काळजी सगळ्यात शेवटी.

मी चष्मा काढून ठेवला. हे मला आधी कुणीतरी सांगितलं होतं. राखेत बसून सांगितलं होतं.

*

महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. आमच्या वर्गातला राज्याचा नकाशा अजून नवा होता, गुंडाळला की करकर वाजायचा. त्यावरून गुरुजींनी आम्हाला प्रमाण शिकवलं. कागदावरचा इतका इंच म्हणजे जमिनीवरचे इतके मैल. मला तर गुप्त मंत्र मिळाल्यासारखं झालं. सुलतानपूर ते मेहकर मी बोटाच्या पेराने मोजत असे. बैलगाडीने सगळी सकाळ खाणारं अंतर नखाएवढं व्हायचं. मी अकरा वर्षांची होते आणि जग लहान करून हातात धरता येतं हे मला नुकतंच कळलं होतं.

आमचं खेडं सुलतानपूरच्या अलीकडचं. घरात माय, बाबा, मी, गजू आणि आमची चुलती. तिला आम्ही मोठीमाय म्हणायचो. त्या वर्षी कापूस चांगला आला होता. सीतादही झाली, म्हणजे वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, आणि बायका कमरेला ओटी बांधून ओळीत लागल्या. माय कमरेवर गजूला घेऊन वेचायची. डाव्या कमरेवर गजू, उजव्या हाताने कापूस. मागच्या हंगामातही असंच, आणि त्याच्या आधीही. तिची डावी कमर कायमची बाहेर आली होती. पातळ नेसताना ती तिथे हात ठेवून एक क्षण थांबायची.

बाया विचारायच्या, “अजून चालत नाही का वं?” विचारणं वाईट नव्हतं. पण मायचा वेचणारा हात दर वेळी थबकायचा, आणि बोंडातला कापूस अर्धा निघून अर्धा तिथेच राहायचा. एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी बसून भाकरी खाताना ती कुणाकडेच न बघता म्हणाली होती, “याले चालताना पाह्यलं का मंग मले काहीच नाही पाह्यजे.” आमच्या घरातली त्या हंगामाची खरी गोष्ट ही होती. कापूस नंतर.

मेहकरच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, वाकवून पाहिले आणि म्हणाले, हाडं अशक्त आहेत, अधू नाहीत. उन्हात बसवा, खाऊ घाला, आणि उभं राहायची सवय लावा. उभं राहायची सवय म्हणजे पांगुळगाडा. घरात माझाच जुना होता. पण तो दहा महिन्यांच्या लेकराचा. गजू अंगाने लांब. दांडी त्याच्या मांडीशी यायची, तो वाकायचा, आणि गाडा त्याला घेऊन तोंडावर पडायचा. तिसऱ्यांदा पडल्यावर तो गाडा दिसला तरी रडू लागला.

“मोठा करून घेऊ,” बाबा म्हणाले. “करीममिस्त्री करून देतेत. पन माप लागन.”

करीममिस्त्री सुलतानपूरचे सुतार. आमची तिफण, वखर, दारं, सगळं त्यांच्या हातचं. माप काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात प्रमाण शिकलेली मी एकटीच. मी दुपारी दोरी घेतली, गजू झोपला होता, आणि टाचेपासून छातीपर्यंत लावून बघू लागले. मोठीमाय परसातून आली. तिच्या हातातली कळशी तिने खाली ठेवली नाही, सोडली.

“काय करून राह्यली वं पोट्टे?”

“माप.”

“निजलेल्या मानसाले दोरी लावतेत का? कवा लावतेत ठाऊक हाय का तुले?”

मला ठाऊक नव्हतं. तिने दोरी हिसकली आणि सरळ चुलीत टाकली. मग मीठमोहऱ्या ओवाळून गजूची दृष्ट काढली, आणि त्याच हाताने माझीही काढली. आमच्याकडे लेकराला तसंही मोजत नाहीत. वाढ खुंटते म्हणतात. आणि झोपलेल्याला मोजणं म्हणजे तर तिरडीचा बांबू तोडणं. मी कोपऱ्यात बसून रडले. माझं प्रमाण, माझी फूटपट्टी, सगळं निकामी.

तासाभराने मोठीमाय माझ्याजवळ येऊन बसली. तिने चुलीमागच्या भिंतीकडे बोट केलं. पांढऱ्या मातीने सारवलेल्या त्या भिंतीवर काळे पंजे उमटले होते. गजू कोळशाशी खेळायचा आणि मग भिंतीला धरून, पाय थरथरवत, घडीभर उभा राहायचा. लहान लहान पाच बोटं, सगळी जवळपास एकाच उंचीवर.

“लेकराले मोजू नोको,” ती म्हणाली. “भिंत मोज.”

जमिनीपासून पंजापर्यंत अठरा इंच भरले. आजही कुठल्याही कामात थेट माप घेता येत नसलं की मला ते वाक्य ऐकू येतं.

*

चित्रकलेचं सामान घरात काहीच नव्हतं. काटकोनासाठी पोस्टकार्डाचा कोपरा, चाकांसाठी मायची बांगडी आणि तिच्या आत बसणारी माझी बांगडी, सरळ रेघेला पाटीची कड. कागद एकच, वहीच्या मधला जोडपानी. अठरा इंच त्यात मावेनात. पण मला तर मंत्र येत होता. मी सगळं निम्मं केलं, आणि कोपऱ्यात नकाशावर असतं तसं सुंदर अक्षरात लिहिलं: प्रमाण, एक इंच म्हणजे दोन इंच.

बाबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांना तो कळला नसावा, पण त्यांची मान जरा ताठ झाली. बाजाराच्या दिवशी त्यांनी तो पटक्यात खोचून नेला आणि मिस्त्रींना सांगितलं, “पोरीनं काढून देला तसाच करा. बोटाचाही फरक नोको.”

पुढच्या बाजाराला पोतं भरून गाडा घरी आला. पोतं फारच हलकं होतं. बाबांनी ते ओट्यावर पालथं केलं, आणि आतून निघाला नऊ इंचांचा, तीन चाकांचा, सागवानी, गुळगुळीत, डौलदार पांगुळगाडा. बाहुलीला शोभेल असा. त्यात बोटाचाही फरक नव्हता.

मोठीमाय हसली, आणि हसता हसता तोंडावर पदर धरून थांबली, कारण माय हसली नव्हती. ती उठून चुलीपाशी गेली. भाकरी थापायचा आवाज येत राहिला, एकसारखा, उगाच जोरात. आठ दिवस तिने त्या पोत्याची वाट पाहिली होती. मी ओट्यावरून उतरलेच नाही. बाबा मिस्त्रींवर चिडले होते, आणि फक्त मला माहीत होतं की चिडायचं कुणावर.

बाबांबरोबर मी सुलतानपूरला गेले ते हेच सांगायला. बाबा गाडीवरूनच ओरडले, “काय मिस्त्री, डोळे गेले का तुमचे?”

करीममिस्त्री रंधा मारत होते. कागद त्यांनी फळीला अजून टाचून ठेवलेला होता. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. कोपऱ्यातली माझी सुंदर अक्षरं त्यांना नक्षी वाटली होती. त्यांनी काडी कागदावर धरली होती आणि तीच काडी लाकडावर.

“मले वाटलं बाहुलीसाठी हाय,” ते म्हणाले. “मी म्हनलं, बापाचा लई जीव दिसते पोरीवर. बाहुलीसाठी सागवान देऊन राह्यला.”

बाबांचा आवाज खाली आला. मी म्हटलं, “चाचा, माझंच चुकलं. मी निम्मं काढलं.”

“काऊन निम्मं?”

“कागदात मावत नव्हतं.”

त्यांनी रंधा ठेवला. “मंग बेटा, कागदात मावत नाही म्हनून लाकूड लहान केलं. पन लेकरू त लहान नाही झालं ना?”

मग त्यांनी मागच्या चुलीतली राख सुपात आणली आणि दुकानातली जमीन झाडून तिच्यावर पसरली. “इथं काढ. जेवढं हाय तेवढं.”

त्या राखेत मी काडीने पहिल्यांदा काहीतरी खऱ्या मापाने काढलं. कागदावर मी वरून बघायची. इथे मला रेघेच्या बरोबरीने सरकावं लागलं. दांडी काढताना मी चित्राच्या आत बसले होते. दांडी माझ्या छातीसमोर आली तेव्हा मला कळलं की गजूला ती कुठे लागेल. अठरा इंच हा आकडा नव्हता, ती भिंतीवरच्या पंजाची जागा होती. मिस्त्री माझ्या रेघांवर एकेक लाकूड ठेवून बघत होते. पुढचं चाक मी जवळ काढलं होतं. ते त्यांनी बोटाने पुसून दूर केलं. “जवळ ठेवलं त पालथं होते. लेकरू अंग टाकते ना पुढं.”

निघताना लहान गाडा परत द्यायला बाबांनी पोतं उघडलं. मिस्त्री म्हणाले, “राहू द्या. चूक हाय, पन काम खराब नाही.”

*

मोठा गाडा चार दिवसांनी आला. आणि गजूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तोपर्यंत तो लहान गाड्याचा झाला होता. बसल्या बसल्या त्याची चाकं बोटाने फिरवायचा, कानाशी नेऊन आवाज ऐकायचा, कवेत घेऊन झोपायचा. मोठ्याला धरून उभा केला की गुडघे सोडून द्यायचा. बाबांनी दटावून पाहिलं, मी गूळ दाखवून पाहिला. माझं खऱ्या मापाचं चित्र मधल्या खोलीच्या दारात उभं, आणि माझी चूक त्याच्या मांडीवर.

त्या दिवशी माय वेचणीवरून लवकर आली होती. दुपार उतरत होती. दारातून येणारं ऊन कापसाच्या ढिगावर पडून खोलीत परत फिरत होतं. गजूने गाडा जरा बाजूला ठेवला होता. मायने तो उचलला. कापसाच्या गाठोड्याची सुतळी सोडली, तिची बोटभर जाडीची इवलीशी चुंबळ वळली, डोक्यावर घागरीखाली ठेवतो तशी, ती मोठ्या गाड्याच्या दांडीवर ठेवली, आणि चुंबळीवर लहान गाडा बसवून उरलेल्या सुतळीने करकचून बांधला. चुंबळीमुळे लहान गाड्याची चाकं अधांतरी राहिली. तिने एक बोटाने फिरवून दाखवलं. गर्र.

मग ती जाऊन चुलीशी बसली, पाठ करून.

गजू रडला. मग घसरत आला. मोठ्या गाड्याचा पाय धरला, मग आडवी पट्टी, मग दांडी. पाय थरथरत होते. तो उभा राहिला आणि त्याने चाक फिरवलं. फिरवताना अंगाचा भार पुढे गेला, मोठा गाडा वीतभर सरकला, लहान गाडा हातातून निसटला. आता तो पुन्हा धरायला एकच उपाय होता.

त्याने पाऊल टाकलं.

मी ओरडणार होते. माय वळली नव्हती, तरी तिला कळलं. “हलू नोको,” ती हळूच म्हणाली. “कोनी बोलू नोका. तो आपल्या कामात हाय.”

तो आपल्या कामातच होता. चाक फिरवायचं, गाडा पळायचा, तो मागे जायचा. पाच पावलं, सहा. सातव्याला गाडा कापसाच्या ढिगात घुसला आणि गजू त्याच्यावरून सरळ पांढऱ्यात पडला. पडूनही लागलं नाही म्हणून तो चकित झाला, आणि हसला. मायने तेव्हा वळून पाहिलं. पिठाचे हात तसेच तोंडावर धरले. नंतर कितीतरी वेळ तिच्या गालांवर पीठ होतं आणि त्यात दोन ओघळ.

दुसऱ्या दिवशी ती वेचायला गेली तेव्हा तिची कमर मोकळी होती. डाव्या हाताचं काय करायचं हे तिला पहिल्या दोन ओळी सुचलंच नाही. मग ती दोन्ही हातांनी वेचू लागली.

*

परवा मी कॉम्प्युटरवर दांडी काढायला घेतली. अठरा लिहिलं, एंटर दाबलं. पडद्यावर मुंगीएवढी रेघ. प्रोग्रॅम मिलिमीटरमध्ये मोजत होता आणि मी इंचांत बोलत होते. एवढ्या वर्षांनी, एवढ्या याद्या करून, मी पुन्हा बाहुलीचाच गाडा काढला होता. एकटीच मोठ्याने हसले. मग एकक बदललं आणि जेवढं आहे तेवढं काढलं. पुढचं चाक दूर ठेवलं. अठराचे सोळा केले, कारण गजूच्या पोरीच्या पंजाची जागा मी फोनवरून त्यालाच विचारली होती: “तिला मोजू नको. ती कपाटाला जिथे धरते तिथून जमीन मोज.”

या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. आख्खं चित्र निवडायचं आणि निम्म्या मापाची नक्कल मागायची. बोटाएवढं काम. ती नक्कल मी उचलून मोठ्याच्या दांडीवर नेऊन ठेवली. मग तिथे अडले. चाकं आहेत, स्क्रू आहेत, बिजागऱ्या आहेत. सुतळीचं चिन्ह कुठेच नाही. तासभर शोधलं. शेवटी दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा तशीच रिकामी सोडली आणि चित्र गजूला पाठवलं, तिकडच्याच सुताराकडून करून घे म्हणून.

त्याचा फोन आला. “ताई, मस्त हाय. पन वरचं हे लहान कशाले?”

त्याला आठवत नाही. अडीच वर्षांचं काय आठवणार? माय जाऊन सहा वर्षं झाली. तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही नाही. मग मी सांगितलं. भिंत, राख, कापसाची खोली. पलीकडे त्याची पोरगी काहीतरी वाजवत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

मग तो म्हणाला, “सुतार इथंच उभा हाय. तो म्हनते दोघांच्या मधी बोटभर फट राह्यली, चित्र चुकलं. चिकटवून घेऊ का?”

“नको,” मी म्हटलं. “ती सुतळीची जागा आहे. ती तू बांध.”